रातकिड्याच्या मागावर एक रोबॉट



सप्टेंबर लागला की आमच्या बेसमेंटमध्ये एक तरी रातकिडा शिरतोच. गेल्या आठवड्यात रात्री अकरा वाजता मी टॉर्च घेऊन त्याला शोधायला खाली गेले. आवाज वॉशिंग मशीनच्या मागून येतोय असं वाटलं. तिथे पोचले, तर तो जिन्याखालून यायला लागला. जिन्याकडे चार पावलं टाकली आणि गाणं बंद. वीस मिनिटं हा खेळ चालला, मग मी हात हलवत वर आले.

आता हिशोब पाहा. माझ्याकडे दोन धडधाकट कान, सव्वा-दीड किलोचा मेंदू आणि एक पीएचडी. रातकिड्याच्या मादीचा मेंदू मोहरीच्या दाण्याएवढा. तरीही गवतातून, दगडगोट्यांतून वाट काढत ती नेमकी गाणाऱ्या नरापर्यंत पोचते, तेही आजूबाजूला इतर जातींचे किडे किर्रर्र करत असताना. कोकणातल्या पावसाळी रात्रीचा तो गोंगाट ज्यांनी ऐकलाय, त्यांना या कामाची अवघडी वेगळी सांगायला नको.

ती हे कसं करते? या प्रश्नाच्या मागे लागलेल्या काही शास्त्रज्ञांनी एक वेगळीच वाट धरली. त्यांनी मादीच्या जागी एक रोबॉट सोडला. आजचा लेख त्या रोबॉटबद्दल आहे. पण त्याहून जास्त एका प्रश्नाबद्दल आहे: एखादं यंत्र प्राण्यासारखं वागलं, म्हणून प्राणी आपल्याला समजला असं म्हणता येतं का?

आधी एक छोटा स्वाध्याय

कागद-पेन्सिल घ्या. एक खेळण्यातली गाडी काढा. पुढे डावीकडे आणि उजवीकडे प्रकाश ओळखणारा एकेक डोळा, मागे डावं आणि उजवं चाक, प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर. डोळ्यावर जितका जास्त प्रकाश, तितकं त्याला जोडलेलं चाक जोरात फिरतं. बस, एवढंच.

आता डावा डोळा उजव्या चाकाला आणि उजवा डोळा डाव्या चाकाला जोडा. दिवा गाडीच्या डावीकडे ठेवा. डाव्या डोळ्यावर जास्त प्रकाश पडेल, उजवं चाक जोरात फिरेल, गाडी डावीकडे म्हणजे दिव्याकडे वळेल. जसजशी जवळ जाईल तसतसा वेग वाढेल आणि शेवटी ती दिव्यावर जाऊन आदळेल. बघणारा म्हणेल, काय चिडलीय ही!

वायरी बदला. डावा डोळा डाव्या चाकाला, उजवा उजव्याला. आता तीच गाडी दिव्याला पाठ दाखवून पळेल. बघणारा म्हणेल, घाबरली.

राग किंवा भीती आपण कुठेही बसवली नव्हती, फक्त दोन वायरींची अदलाबदल केली. व्हॅलेंटिनो ब्रायटेनबर्ग या मेंदूशास्त्रज्ञाने १९८४ साली अशा काल्पनिक गाड्यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की साध्या यंत्रापासून सुरुवात करून ते कसं वागेल हे पाहणं सोपं असतं. उलट, नुसतं वागणं पाहून आत काय आहे हे ओळखायला गेलं की आपण आत नको इतकी गुंतागुंत कल्पून बसतो.

ब्रायटेनबर्गच्याही आधी, १९४८-४९ मध्ये, ब्रिस्टलच्या बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये ग्रे वॉल्टर यांनी खरोखरची अशी यंत्रं बनवली होती. ती कासवासारखी दिसत. त्यातल्या दोघांची नावं एल्मर आणि एल्सी. प्रत्येकाला प्रकाशासाठी एक डोळा, धक्का कळण्यासाठी एक संपर्क-बटण, आणि 'मेंदू' म्हणून रेडिओत असतात तसे दोन व्हॉल्व्ह. एवढ्यावर ती खोलीभर फिरत, अडथळ्याला वळसा घालत, मंद उजेडाकडे जात आणि प्रखर उजेड टाळत. आरशासमोर आल्यावर आपल्याच अंगावरच्या दिव्याच्या प्रतिबिंबापुढे ती थरथरत घुटमळत. हेच एखाद्या प्राण्याने केलं असतं तर त्याला स्वतःची जाणीव असल्याचा पुरावा मानला गेला असता, अशा अर्थाचं वॉल्टर यांनी लिहून ठेवलं आहे.

गाड्या आणि कासवांमधून एक इशारा मिळतो: वागणं गुंतागुंतीचं दिसलं तरी आतली यंत्रणा तशीच असेल असं नाही. पण हा इशाराच आहे. खऱ्या प्राण्याच्या बाबतीत तो लागू पडतो का, हे प्रत्येक वेळी तपासावं लागतं. त्यासाठी रातकिड्याकडे परत जाऊ.

गुडघ्याखालचे कान

संशोधनात जास्त वापरला जाणारा रातकिडा म्हणजे पाठीवर दोन ठिपके असणारा 'ग्रायलस बायमॅक्युलेटस'. दक्षिण युरोप, आफ्रिकेपासून भारतापर्यंत तो आढळतो. गातो फक्त नर, आणि तोही तोंडाने नाही. एक पंख दुसऱ्यावर घासून तो साधारण ४.८ किलोहर्ट्झचा जवळजवळ शुद्ध सूर काढतो. गाण्याचं व्याकरण ठरलेलं असतं: सुमारे २० मिलिसेकंदांचा एक ठोका, तेवढीच शांतता, पुन्हा ठोका. असे तीन-चार ठोके मिळून एक 'चिर्प', मग थोडी मोठी विश्रांती, की पुन्हा तेच.

मादीचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली असतात. आणि इथेच पहिली अडचण आहे. आपल्या दोन कानांमध्ये डोकं असतं. आवाज एका कानाला थोडा आधी आणि थोडा मोठा ऐकू येतो, त्यावरून मेंदू दिशा ठरवतो. मादीच्या दोन कानांत अंतर असतं एक-दीड सेंटिमीटरचं. आवाज पोचण्यातला फरक फार तर ४०-५० मायक्रोसेकंद. शिवाय या सुराची तरंगलांबी सुमारे सात सेंटिमीटर. एवढ्या मोठ्या लाटेला तिचं इवलंसं शरीर काय आडवणार? म्हणजे दोन्ही कानांवर आदळणारा आवाज जवळपास सारखाच मोठा असतो.

उत्तर तिच्या शरीररचनेत आहे. दोन्ही कान आतून एका श्वासनलिकेने जोडलेले असतात, आणि या नलिकेची तोंडं छातीच्या दोन बाजूंनाही उघडतात. त्यामुळे कानाच्या पडद्यावर आवाज बाहेरून आदळतो आणि नलिकेतून वळसा घेऊन आतूनही आदळतो. आतून येणारा थोडा उशिरा पोचतो. बाहेरचा धक्का आणि आतला धक्का एकमेकांना साथ देतात की मारक ठरतात, हे आवाजाच्या दिशेवर ठरतं. परिणामी आवाज ज्या बाजूला, त्या बाजूचा पडदा जोरात थरथरतो आणि दुसरा कमी. दिशेचं गणित मेंदूपर्यंत जाण्याआधीच नळीत सुटतं!

यात आणखी एक गंमत आहे. नलिकेची लांबी ठरलेली असल्यामुळे ही युक्ती एका ठरावीक सुराच्या आसपासच नीट चालते. सूर बराच वर किंवा खाली गेला की दिशा कळेनाशी होते. म्हणजे भलत्या सुराचे आवाज गाळण्याचं बरंचसं कामही फुकटात झालं.

दोन कामं की एकच?

सूर झाला, आता ठेका. जर्मनीतल्या झेविझेन इथल्या माक्स प्लांक संस्थेत फ्रान्झ हूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मादीला मोठ्या गोलावर चालायला लावून अनेक वर्षं प्रयोग केले. त्यातून दिसलं, की सेकंदाला साधारण ३० च्या गतीने ठोके आले तर मादी आवाजाकडे चालते. बरेच जलद किंवा बरेच संथ ठोके असले तर ती लक्ष देत नाही.

यावरून सरळ तर्क असा निघतो, की मेंदूत दोन विभाग असणार. पहिला विचारतो, हे आपल्याच जातीचं गाणं आहे का? उत्तर 'हो' आलं तर दुसरा विचारतो, ते कुठून येतंय? आधी ओळख, मग दिशा.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एडिंबरा विद्यापीठात बार्बरा वेब यांनी वेगळी शक्यता मांडली. ओळखणारा वेगळा विभाग नसलाच तर? समजा, दोन्ही बाजूंना एकेक चेतापेशी आहे. आवाज आला की ती भरत जाते. ज्या बाजूचा आवाज मोठा, ती आधी भरते आणि आधी पेटते. नियम एकच: जी आधी पेटली, त्या बाजूला वळा. पेटून झाल्यावर पेशीला रिकामं व्हायला थोडी शांतता लागते.

आता ठेक्याचं काय होतं पाहा. ठोके फार जलद आले तर मध्ये शांतताच मिळत नाही, पेशी रिकामी होत नाही, 'आधी कोण' हे नव्याने ठरत नाही. ठोके फार संथ असतील तर वळण्याच्या सूचना इतक्या क्वचित मिळतात की वाट भरकटते. मधल्या ठेक्यालाच यंत्रणा नीट चालते. म्हणजे गाणं 'ओळखलं' कुणीच नाही. योग्य गाण्याकडेच जाता येतं, एवढंच.

कल्पना सुरेख आहे. पण सुरेख कल्पना कागदावर नेहमीच चालतात.

संगणकात का नाही?

इथे स्वतःचीच एक गोष्ट सांगते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी संगणकात एक कीटक बनवला होता. वासाच्या मागे जाऊन तो दर वेळी लक्ष्यापर्यंत पोचायचा. शंभरातून शंभर वेळा! मी आनंदाने आलेख घेऊन माझ्या मार्गदर्शकांकडे गेले. त्यांनी ते पाहिले आणि विचारलं, "हा हरतो कधी?" मला उत्तर देता येईना. मग लक्षात आलं, की कीटक मी लिहिला होता आणि त्याचं जगही मीच लिहिलं होतं. त्या जगात वास गुळगुळीत पसरायचा, जमीन सपाट होती, दोन्ही बाजूंची नाकं अगदी एकसारखी होती. परीक्षेचा पेपर मीच काढला होता आणि मीच सोडवला होता. ते प्रकरण प्रबंधात गेलं नाही. वर्षातले आठ महिने त्यात गेले होते.

रोबॉटचा खरा फायदा हा आहे. त्याचं जग आपल्याला लिहावं लागत नाही, ते आधीच असतं. भिंतीवरून प्रतिध्वनी येतात, चाकं घसरतात, दोन मायक्रोफोन कधीच तंतोतंत सारखे नसतात, आणि मोटरचा स्वतःचा आवाजही मध्ये येतो. गृहीतकात काही राहून गेलं असेल तर रोबॉट भर प्रयोगशाळेत कोपऱ्यात जाऊन अडकतो. तिथे थापा चालत नाहीत.

वेब यांचा पहिला रोबॉट लेगोच्या ठोकळ्यांचा होता. तो खऱ्या किड्यापेक्षा कितीतरी मोठा आणि संथ होता, त्यामुळे त्याला ऐकवलेलं गाणंही त्याच्या मापाने संथ केलेलं होतं. पुढे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हेन्रिक लुंड, जॉन हॅलम आणि वेब यांनी केपेरा नावाच्या, तळहातावर मावणाऱ्या रोबॉटवर मादीच्या कानांची नक्कल करणारं सर्किट बसवलं. त्यात एका मायक्रोफोनचा आवाज किंचित उशिरा करून दुसऱ्याच्या आवाजात मिसळला जाई, नलिका करते तसाच. या रोबॉटला खऱ्या गतीचं, खऱ्या रातकिड्याचं गाणं ऐकवता आलं.

रोबॉट नागमोडी चालत स्पीकरपर्यंत पोचला. मादीही अशीच नागमोडी चालते. ठोक्यांची गती बदलली की तो भरकटे. आणि दोन स्पीकरवर एकाच वेळी गाणं लावल्यावर तो मध्येच कुठेतरी न जाता दोन्हींपैकी एकाकडे गेला. दोन नरांमधून एकाची 'निवड' करण्यासाठी मेंदूत काहीतरी खास असावं लागेल असं आपल्याला वाटलं असतं. इथे निवडीसाठी काहीच बसवलेलं नव्हतं.

किड्याने दिलेला निकाल

इथे लेख संपवला असता तर तुम्हाला वाटलं असतं, चला, रातकिड्याचं कोडं सुटलं. अनेक बातम्या इथेच संपतात. पण रोबॉट यशस्वी झाला याचा अर्थ एवढाच, की ही यंत्रणा या कामाला *पुरते*. किडा हीच यंत्रणा *वापरतो* का, हे फक्त किडाच सांगू शकतो.

२००४ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या बर्टोल्ड हेडविग आणि जेम्स पूले यांनी मादीला एका हलक्या, अतिशय संवेदनशील चेंडूवर चालवलं आणि तिचं प्रत्येक वळण मिलिसेकंदांच्या हिशोबात नोंदवलं. गाण्यातले ठोके एकाआड एक डावीकडून आणि उजवीकडून वाजवले. मादी प्रत्येक ठोक्याला त्या त्या बाजूला वळत होती, आवाज आल्यानंतर साधारण ५५ ते ६० मिलिसेकंदांत. एवढ्या वेळात पूर्ण ठेका ऐकून, ओळखून मग वळणं शक्यच नाही. म्हणजे दिशा धरण्याची क्रिया खरोखरच साधी आणि तात्काळ आहे. वेब यांच्या रोबॉटची अर्धी बाजू बरोबर निघाली.

उरलेली अर्धी? पुढच्याच वर्षी याच दोघांनी दाखवलं, की योग्य गाणं थोडा वेळ ऐकल्यावर मादी काही काळ भलत्याच ठोक्यांकडेही वळते, एरवी ज्यांच्याकडे ती ढुंकूनही पाहणार नाही अशा. म्हणजे ठेका ओळखणारं काहीतरी वेगळं आहे. ते स्टिअरिंग हातात घेत नाही, फक्त 'आता वळायला हरकत नाही' अशी परवानगी देतं, आणि ती परवानगी काही सेकंद टिकते. २०१५ मध्ये श्टेफान शोनाइख, कोन्स्टान्टिनोस कोस्टाराकोस आणि हेडविग यांनी मेंदूतलं ते सर्किटच शोधून काढलं. अवघ्या पाच चेतापेशी! एका ठोक्याचा संदेश जरा रेंगाळत ठेवला जातो. तो रेंगाळलेला संदेश आणि पुढचा ठोका एकाच वेळी पोचले, तर ठेका बरोबर.

म्हणजे ओळखणारा वेगळा विभाग नसेलच, ही रोबॉटमागची कल्पना रातकिड्याच्या बाबतीत चुकीची ठरली. मग तो रोबॉट वाया गेला का?

माझं उत्तर ठाम 'नाही' असं आहे. 'आधी ओळख, मग दिशा' हा क्रम इतका स्वाभाविक वाटत होता, की दुसरं काही असू शकेल हे दाखवायला एक चालतं-फिरतं उदाहरण लागलं. रोबॉटने प्रश्नाला धार आणली: मादी एकेका ठोक्याला वळते, की पूर्ण गाण्याला? असा नेमका प्रश्न समोर असला की त्याच्यासाठी नेमका प्रयोग रचता येतो.

हरलेला लॉबस्टर

कधीकधी तर रोबॉटचं हरणंच जास्त मोलाचं असतं. अमेरिकन लॉबस्टर समुद्राच्या तळाशी वासाच्या मागे जाऊन अन्न शोधतो. एक सोपं गृहीतक असं होतं: डाव्या-उजव्या मिशीला लागणाऱ्या वासाची तुलना करायची आणि जिकडे जास्त, तिकडे वळायचं. आपल्या कागदावरच्या गाडीसारखंच. फ्रँक ग्रासो, येले आटेमा आणि सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास लॉबस्टरच्या मापाने संवेदक बसवलेला 'रोबोलॉबस्टर' तयार करून वाहत्या पाण्यात सोडला. वासाच्या उगमाजवळून निघाला तर त्याला बऱ्यापैकी जमे. दुरून निघाला की तो गोंधळे. कारण वाहत्या पाण्यात वास धुरासारखा तुकड्यातुकड्यांनी पसरतो. क्षणभर डावीकडे जास्त असला म्हणजे उगम डावीकडेच आहे असं नाही. खऱ्या लॉबस्टरला मात्र हे जमतं. अर्थ स्पष्ट आहे: तो याखेरीज आणखी काहीतरी वापरतो. एका सोप्या, पटणाऱ्या कल्पनेची मर्यादा यंत्राने दाखवून दिली. मला माझे आठ महिने आठवले.

बातमी वाचताना विचारायचे चार प्रश्न

'मुंगीसारखा विचार करणारा रोबॉट' असं काहीतरी तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येईल तेव्हा हे चार प्रश्न विचारून पाहा.

१. हा रोबॉट नेमकं कोणतं गृहीतक तपासतोय? नुसतं प्राण्यासारखं दिसणं म्हणजे मॉडेल नव्हे.

२. प्राण्याला जी माहिती मिळते तीच रोबॉटला मिळतेय का? मुंगीकडे जीपीएस नसतो. कॅमेरा आणि उपग्रह वापरून वाट शोधणारा रोबॉट उपयोगी असेल, पण तो मुंगीबद्दल काही सांगत नाही.

३. तो प्राण्यासारखा *चुकतो* का? बरोबर उत्तराला अनेक वाटांनी पोचता येतं. चुका सारख्या असतील तर आतली यंत्रणाही सारखी असण्याची शक्यता वाढते. गणिताच्या परीक्षेत कॉपी पकडणारे शिक्षक हेच तर पाहतात!

४. रोबॉटवरून प्राण्यावर करण्याजोगा एखादा नवा प्रयोग सुचला का? आणि तो कुणी केला का?

चौथा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रोबॉट म्हणजे हातपाय फुटलेलं गृहीतक. ते चालवून पाहायचं, कुठे अडखळतं ते टिपायचं आणि मग परत प्राण्याकडे जायचं. शेवटचा शब्द प्राण्याचाच.

जाता जाता बेसमेंटबद्दल. एकच शुद्ध सूर आणि चारी भिंतींवरून येणारे प्रतिध्वनी, हे मिश्रण माणसाच्या कानांना दिशा शोधायला अवघड जातं, त्यामुळे माझी फजिती समजण्यासारखी होती. काल रात्री पुन्हा गेले. या वेळी दिवा लावला नाही. दोन पावलं टाकायची, थांबायचं, तो गायला लागेपर्यंत वाट पाहायची, मग डोकं हळूहळू फिरवून आवाज कुठे मोठा वाटतो ते पाहायचं, आणि पुन्हा दोन पावलं. एका सरळ रेषेत नाहीच, चांगलीच नागमोडी. पंधरा मिनिटांत सापडला. वॉटर हीटरच्या मागे होता. स्टीलच्या वाटीखाली धरून त्याला बाहेर लॉनवर सोडून आले.

तुमच्याकडे शिरला तर करून पाहा, आणि तुम्हाला किती वेळ लागला ते नक्की कळवा.